गाण्याचा धनी

गाम्बेत्तोला, ४ फेब्रुवारी २०१९

लोरिस,

'प्रिय' लिहिणार होते, पण हात वळला नाही. तुझा लिफाफा शनिवारी पोचला. सही घेऊन द्यायचं टपाल होतं, म्हणून पोस्टमन थेट दुकानात शिरला. माझ्या खुर्चीत एदेराबाई डोक्याला रंग लावून बसल्या होत्या, आणखी दोघी रांगेत. त्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, "ओरिएल्ला, तुझा भाऊ आहे होय अजून?" मी म्हटलं, "कागदापुरता आहे."

नऊ वर्षं झाली. बाबांना पुरून आलो त्या दिवशी त्यांच्या वाद्यवृंदातल्या म्हाताऱ्यांनी अंगणात वाद्यं बाहेर काढली, आणि तू कॉफीचा कप तसाच ठेवून गाडीत जाऊन बसलास. त्यानंतर दर नाताळला एक संदेश, तोही सगळ्या जगाला एकदम पाठवलेला. आणि आता बर्लिनहून हा लिफाफा. त्यात कंपनीचा छापील फॉर्म आणि वर तुझी चिठ्ठी: "ओरी, नुसती औपचारिकता आहे. तू सही कर, आईची घे, लगेच परत पाठव. गोड पापा."

फॉर्म मी पुन्हा पुन्हा वाचला. मला समजलं ते असं. १९८१ साली टेकडीवरच्या डिस्कोत तू जी कॅसेट भरलीस, एका गाण्यात दुसरं मिसळत, मध्ये श्वास न घेता, ती तुझी कंपनी आता रीतसर रेकॉर्ड म्हणून काढणार आहे. इतकी वर्षं ती चोरूनमारून फिरली, याची त्यानं नक्कल केली, त्याची आणखी कुणी. दुकानात मांडायची म्हटल्यावर मात्र त्यातल्या प्रत्येक गाण्याच्या धन्याची लेखी परवानगी हवी. ब्राझीलवाल्यांनी दिली, जर्मनांनी दिली, न्यूयॉर्कवाल्यांनी वकील मध्ये घालून दिली. एकच गाणं राहिलंय. दुसऱ्या बाजूचं, ढोलांनंतर येतं ते.

ते तू स्वतःच्या अक्षरात भरलंयस. 'मिठाची पोल्का. रचना आणि ध्वनिमुद्रण: प्रीमो झोफोली, मयत. परवानगी देणार: वारस.' त्याच्या खाली छापील ओळ आहे, 'रेकॉर्डवर छापायचं गायकाचं नाव', आणि तिच्यापुढे तू लिहिलंयस, 'अज्ञात'.

अरे, ती अज्ञात बाई आत्ता वरच्या मजल्यावर रेडिओ लावून माझे मोजे रफू करत बसली आहे.

मी सही केलेली नाही. आईला अजून काही दाखवलेलं नाही. मला आधी सांग, अज्ञात का?

ओरिएल्ला


गाम्बेत्तोला, २२ फेब्रुवारी

लोरिस,

तुझं उत्तर आलं. चार पानं, आणि जवळजवळ सगळी कायद्याची. डिस्कोत वाजवणं वेगळं, तिथे जागेचा मालक हक्कसंस्थेला वर्षाचे पैसे भरतो, वाजवणाऱ्याला कुणी विचारत नाही. पण तीच गाणी जोडून विकायला काढली की दोन परवानग्या लागतात, एक गाणं रचणाऱ्याची, दुसरी ते मुद्रित करणाऱ्याची. मग तुकडा केवढाही असो, उलटा वाजवा नाहीतर हळू वाजवा. आपल्याकडे दोन्ही बाबाच, म्हणून काम सोपं, असं तू लिहितोस. कंपनीला अजून काही बोललेला नाहीस, सह्या आल्या की फॉर्म त्यांच्यापुढे ठेवणार. आणि 'अज्ञात'बद्दल एकच ओळ: "लोकांना त्यातलं गूढ आवडतं."

मला कायदा शिकवू नकोस, लोरिस. तुझ्या आधी तो आपल्या घरात बाबा पाळत होते. नाच संपला की ते हातावरचा घाम पुसायचे, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे आणि हक्कसंस्थेची यादी भरायचे, त्या दिवशी काय काय वाजवलं आणि ते कुणाचं. बाकीचे वृंदवाले काय करायचे ते तुलाही ठाऊक आहे. वाजवायचे दुसऱ्याचं, लिहायचे आपलं, कारण पैसा यादीवरून वाटला जायचा. त्यात कुणाला चोरी वाटत नसे, अख्खा किनारा तेच करत होता. बाबा मात्र ज्याचं वाजवलं त्याचंच नाव घालणार. आपला क्लॅरिनेटवाला फोडून नेणाऱ्या त्या तेओदोरानीचंसुद्धा. आई करवादायची, "प्रीमो, त्या मेल्याचं नाव कसलं लिहितोस? त्यानं आपला माणूस पळवला!" आणि बाबा मान खाली घालून लिहीत म्हणायचे, "माणूस पळवला. पोल्का त्याचीच आहे."

त्याच घरातल्या न्हाणीघरात तू बेसिनमध्ये कोमट पाणी आणि व्हिनेगर घालून रेकॉर्डच्या मधली कागदी चकती सोलायचास. मी केस धुवायला जावं तर बेसिनमध्ये लाल-निळा लगदा. तेव्हा सगळेच डिस्कोवाले ते करायचे, कठड्यावरून वाकून बघणाऱ्या दुसऱ्या वाजवणाऱ्याला नाव वाचता येऊ नये म्हणून. ते मला कळायचं. लांबून काहीतरी शोधून आणलंय, ते कोण फुकट देईल? पण बाबांची रेकॉर्ड कोण चोरणार होतं? तिचा खोका बाबांच्या भंगाराच्या धंद्याच्या शेडमध्ये पडलेला असायचा, आपण ती लग्नात आहेराला द्यायचो. ती चकती तू दुसऱ्याच भीतीनं सोललीस. तिच्यावर तुझंच आडनाव होतं. डिस्कोत तू 'लोरिस झेड' होतास ना. झोफोलीतलं एक अक्षर ठेवलंस, बाकीचं बेसिनमधून गेलं.

पंचेचाळीसच्या वेगाची ती रेकॉर्ड तू तेहतीसवर लावलीस. आईचा आवाज पुरुषाचा झाला आणि उड्या मारत नाचायची पोल्का जड पावलांनी चालायला लागली. ऐकायला वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. रविवारी दुपारी पोरं डोळे मिटून डोलायची. बोली आपलीच, शब्द आपल्याच गल्लीतले, पण इतके ताणलेले की आपल्याच पोरांना कळेनात. कुणी विचारलं की तू सांगायचास, समुद्रापलीकडच्या डाकारचा कुणी गाणारा आहे, रावेन्नाच्या बंदरात एका खलाशाकडून ही मिळवली.

आणि ब्याऐंशीचा मे. तू ते विसरला असशील, तुझी तशी सोयच आहे. तुझ्या गाडीच्या डिकीत हक्कसंस्थेचा शिक्का नसलेल्या कॅसेटी सापडल्या आणि करखात्याच्या पोलिसांनी तुला चेझेनात बसवून ठेवलं. निरोप आला तेव्हा बाबा एक जुना बाथटब फोडत होते. त्यांनी हात धुतले, रविवारची टोपी घातली, आणि मी त्यांना भंगाराच्या गाडीतून घेऊन गेले. तो जाडा अधिकारी सर्दीनं बेजार झाला होता, पण बोलायला सभ्य. त्यानं तुझी कॅसेट मशीनमध्ये घातली. "ही गाणी कुणाची?" तू म्हणालास, "सगळी परदेशी." आणि ढोल संपले.

बाबांची मान वर आली ती मी पाहिली. त्यांच्या अकॉर्डियनची डाव्या बाजूची एक चावी भाता ओढताना खटखटायची. कितीही हळू केलंस तरी ती खटखटणारच. तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतास.

"आणि हा कोण?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"डाकारचा आहे कुणीतरी."

मग तो बाबांकडे वळला. "तुम्ही वाजवणारे ना? चेर्व्हियाच्या नाचघरात ऐकलंय मी तुम्हाला. तुम्हाला काय वाटतं, कुणाचं असेल हे?"

गाण्याचा धनी तिथे समोर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. 'माझं' एवढंच म्हणायचं होतं, की नुसत्या दंडाचं प्रकरण फिर्यादीचं झालं असतं. बाबा म्हणाले, "परदेशीच असणार. आपल्याकडे असं कोण गातं?"

तू दंड भरून सुटलास. गाडीत बसल्यावर त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग एवढंच म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात क्लॅरिनेट उशिरा येतोय. वेगात ते कळलं नव्हतं."

त्यानंतर त्यांनी ती पोल्का कधी वाजवली नाही. आईनं विचारलं तर म्हणायचे खांदा धरतो. बाकीची गाणी वाजवताना खांदा धरत नव्हता. आईनं काही उन्हाळे विचारलं, मग सोडून दिलं. वृंदात तिचं असं तेवढं एकच गाणं होतं. ते वाजेनासं झाल्यावर ती तिकीट खिडकीत बसायला लागली.

म्हणून पुन्हा विचारते. गूढ कुणाला आवडतं?

ओरिएल्ला


गाम्बेत्तोला, १७ मार्च

लोरिस,

तू गप्प आहेस, म्हणून मी आईला ऐकवलं.

एदेराबाईंचा नातू तुझा भक्त आहे. त्याच्याकडे तुझी कॅसेट फोनमध्ये आहे, तुझ्या मुलाखतीही आहेत. त्यानं मला एक वाचून दाखवली. त्या खलाशाला आता दाढी आली आहे, आणि त्यानं ती रेकॉर्ड अंगरख्यात गुंडाळून तुझ्या हातात दिली म्हणे. पुढच्या मुलाखतीत त्याला बायकामुलंही होतील. त्या आवाजाचा माणूस शोधायला दोन पोरं डाकारपर्यंत जाऊन आली, हेही त्यात होतं. तू त्यांना पत्ता दिला असतास तर बसनं आली असती.

आईला मी काही न सांगता ऐकवलं. ढोलांवर ती म्हणाली, "हे काय, कुणी दार ठोठावतंय की काय?" मग पोल्का आली. ती थोडी पुढे वाकली. तिच्या कानात यंत्र आहे आता, पण ती चावी तिनं लगेच पकडली.

"हा प्रीमो!" ती म्हणाली. आणि मग आवाज आला, तसा तिचा चेहरा बदलला. "कोण हा बाप्या?"

मी काही बोलायच्या आत तिनं हिशेब मांडला. "माझं गाणं त्यानं याला दिलं? तरीच! तरीच म्हटलं खांदा कसा एकाच गाण्याला दुखतो!" लोरिस, ती बाबांच्या फोटोकडे पाठ करून बसली. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि तरुण मुलीसारखी फुरंगटलेली. "बरा गातो मेला," असंही म्हणाली वर. मला हसू आवरेना, आणि हसता हसता मला इतका राग आला तुझा, की तिच्या खोलीतून उठून मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

परत येऊन सगळं सांगितलं. कपाटातली रेकॉर्ड काढली, बाबांच्या मशीनवर आधी तेहतीसवर लावली, मग पंचेचाळीसवर. बोटानं वेग बदलला तसा तो बाप्या वर वर चढत तिच्यात आला. ती बघतच राहिली. चेझेनाचंही सांगितलं. तेव्हा ती बराच वेळ टेबलावरचं मेणकापड हातानं सारखं करत राहिली.

"मला सांगायचं होतं त्यानं," ती म्हणाली. "मी काय आरडाओरडा केला असता?" आणि थोड्या वेळानं, "केला असता."

मग तिनं फोटो पुसला आणि पुन्हा तोंड आपल्याकडे करून ठेवला.

तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते. "सही करते. पैसे नकोत मला. पण नाव घालायचं. झोफोलीची बायको असं नाही, डेल्फिना ब्रिगांती. आणि फॉर्म पोस्टानं कसला पाठवायचा, त्याला म्हणावं येऊन घेऊन जा. मी देईन त्याच्या हातात."

तिचं एवढंच मागणं आहे. तुझ्या न्यूयॉर्कवाल्यांच्या वकिलापुढे हे काहीच नाही.

ओरिएल्ला


गाम्बेत्तोला, २३ एप्रिल

लोरिस,

ईस्टर झाला.

तुझा फोन आला तेव्हा मी खूश झाले होते, हे मी लपवणार नाही. फोनवर तू गोड बोलतोस आणि मला काही सुचत नाही, म्हणून तर मी लिहिते. "ओरी, समजून घे," म्हणालास. "चाळीस वर्षं मी डाकार सांगतोय. लोकांनी त्यावर लिहिलंय. आता गाम्बेत्तोलाच्या भंगारवाल्याची पोल्का म्हटलं तर हसतील मला."

मी म्हटलं, "हसू देत की. बाबांना तू हसलासच ना."

"मी कधी हसलो?"

"डोक्यावर रुमाल टाकून आजीसारखा पोल्का नाचून दाखवायचास ना मित्रांना अंगणात. बाबा खिडकीत होते."

त्यावर तू विषयच बदललास. मग म्हणालास, आईचा वाटा वाढवून देतो. मी तिला विचारलं, ती आतून ओरडली, "त्याला सांग, माझे केस फुकट रंगवून मिळतात!" तू हसलास, खरोखर हसलास, आणि म्हणालास, "येतो. ईस्टरला येतो. तिथेच बोलू नावाचं." हे तूच म्हणालास. मी तुझ्या तोंडात घातलेलं नाही.

शनिवारी मी दुकान लवकर बंद केलं आणि आईचे केस सेट केले. रविवारी सकाळी एदेराबाई चर्चमधून आशीर्वादाची अंडी घेऊन आल्या, एक तुझ्या नावाचं जास्त. आईनं रस्सा स्वतः केला, त्यात सोडायच्या पासातेल्ली शेवयांच्या पिठाला मला हात लावू दिला नाही. "त्याला जाड आवडतात," म्हणाली. फॉर्म तुझ्या ताटाशेजारी ठेवला होता, वर पेन.

दुपारी तुझा संदेश आला, काम निघालं, लवकरच येतो. आईला मी वाचून दाखवला. तिनं तुझं अंडं सोललं, मीठ लावलं आणि स्वतः खाल्लं. म्हणाली, "वाया कशाला घालवायचं."

तू आला नाहीस याचं मला इतकं नाही. येतो म्हणालास त्याचं आहे. नुसतं नाही म्हणाला असतास तर तिनं केस विंचरून जेवण केलं असतं, सेट करून नाही.

ओरिएल्ला


गाम्बेत्तोला, ३० जून

लोरिस,

थोडक्यात लिहिते, दुकानात तीन नवऱ्या आहेत.

आईनं सही केली आहे. तिचा हात थरथरतो म्हणून आठवडाभर बिलांच्या मागे सराव करत होती. मी पण केली. 'अज्ञात' खोडून वर 'डेल्फिना ब्रिगांती' लिहिलंय, स्वच्छ, मोठ्या अक्षरात. फॉर्म तिच्या ड्रॉवरमध्ये आहे, चष्म्याच्या खाली.

हातात देण्याचा हट्ट तिचा आहे, माझा नाही. तुला यायचं नसेल तर नको येऊस. मला फक्त दोन शब्द लिही, 'नाव छापतो'. मी तिच्या नकळत त्याच दिवशी टपालात टाकते आणि तिला सांगते तू माणूस पाठवला होतास. तुझ्यासाठी खोटं बोलायची या घराला सवय आहे.

कंपनीचा पत्ता फॉर्मवर छापलेला आहे. मी सरळ त्यांना लिहू शकले असते. नाही लिहिलं. भावाला परक्यांसमोर उघडं पाडायचं माझ्यानं होत नाही, यात माझा चांगुलपणा काही नाही, बाबांचंच वळण आहे.

दोन शब्द, लोरिस.

ओरिएल्ला


गाम्बेत्तोला, २४ नोव्हेंबर

लोरिस,

तुझी रेकॉर्ड आली. तू पाठवली नाहीस, एदेराबाईंच्या नातवानं दुकानातून आणली. दोन तबकड्या, जाड पुठ्ठा, आणि मुखपृष्ठावर तू, चोवीस वर्षांचा, न्हाणीघरातल्या आरशासमोर काढलेला तो फोटो. तो मी काढला होता. त्याखाली 'छायाचित्र: अज्ञात' असं लिहिलंय.

आईला म्हटलं, आली हो. तिनं दुपारची झोप टाकली. चांगला पोशाख घातला, कानातलं यंत्र नव्या बॅटरीवर घेतलं, आणि आम्ही तिघं बाबांच्या मशीनसमोर बसलो, ती, मी आणि तो नातू. त्यानं पुठ्ठ्याच्या कडाही पुसून घेतल्या होत्या. पहिली बाजू तिनं सभ्यपणे ऐकली. एका गाण्याला म्हणाली, "याचं पोट दुखतंय वाटतं."

मग ढोल आले. तिनं मेणकापडावर हात ठेवला आणि बोटानं ठेका धरला. ढोल कुठे संपतात ते तिला पाठ झालं होतं, नातवाकडून रोज ऐकायची ना. ते संपत आले तसा तिनं श्वास घेतला, स्टेजवर घ्यायची तसा, खांदे वर करून.

आणि दुसरंच गाणं सुरू झालं.

जोड कळतसुद्धा नाही. त्या कामात तुझा हात कुणी धरणार नाही. ढोलांच्या शेपटीत पुढच्या गाण्यातला तो जर्मन इतका सफाईनं घातलायस की तिथे कधी कुणी गात होतं असं कोण म्हणेल? आईचा श्वास तसाच राहिला. बोट थोडा वेळ ठेका देत होतं, पण तो ठेका त्या गाण्याला बसेना. तिनं माझ्याकडे बघितलं. "माझं पुढे आहे का?"

नातवानं आतला कागद काढला आणि शोधायला लागला. त्याचे कान लाल झाले. मी म्हटलं, वाच. तो म्हणाला, नको काकू. मी म्हटलं, वाच, मोठ्यानं वाच. त्यानं वाचलं. मूळ कॅसेटमधलं दुसऱ्या बाजूचं एक गाणं या आवृत्तीत घेता आलं नाही. बराच शोध घेऊनही त्याच्या धन्याचा पत्ता लागला नाही. बाकी सर्व गाणी रीतसर परवानगीनं.

मशीनवर तो जर्मन चालूच होता. आई नातवाकडे वळून म्हणाली, "पत्ता लागला नाही? अरे, मी कुठे जाते? मी इथेच तर असते."

त्या पोरानं कागदाची घडी घातली. तो म्हणाला, आजी, मी त्यांना लिहितो, सगळ्यांना सांगतो. तिनं त्याच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "नको. माझ्या मुलाला दंड होईल."

बाबांनी चेझेनात केलं तेच. मला वाटलं होतं ते बाबांबरोबर गेलं.

परवानगीशिवाय ते गाणं घातलं असतंस तर तू चोर ठरला असतास, आणि नाव छापलं असतंस तर लोक हसले असते. म्हणून तू दोन्हीतून वाट काढलीस. अभिनंदन. आता तुझ्या रेकॉर्डमध्ये कुणाचंही काही बिनपरवानगीचं नाही, तुझ्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. कायद्यानं तू चोख झालास. आईला कापून काढल्यावरच झालास, एवढंच.

संध्याकाळी तिनं मला कपाटातली रेकॉर्ड लावायला सांगितली, पंचेचाळीसवर. ती तिच्याबरोबर गायली. वरचे सूर लागत नाहीत आता, तिथे ती नुसती ओठ हलवते. दुसऱ्या कडव्यात तिनं बोट वर केलं आणि म्हणाली, "ऐक, क्लॅरिनेट उशिरा येतोय." मला नव्हता ऐकू आला कधी. खरंच येतो.

फॉर्म ड्रॉवरमध्येच आहे. मी फाडणार होते, ती म्हणाली राहू दे, त्याला लागला तर. मी यापुढे तुला लिहिणार नाही. पण तुमचा बराच शोध चालू होता म्हणे, म्हणून एवढी मदत करून ठेवते. तुझ्या कंपनीला देता आली तर दे.

डेल्फिना ब्रिगांती, गायिका. भंगाराच्या शेडशेजारचं हिरव्या फाटकाचं घर, केशकर्तनालयाच्या वर, दुसरा मजला, गाम्बेत्तोला. तुझा जन्म त्याच घरात झाला. घंटी चालते, पण तिला ऐकू यायला वेळ लागतो. दार उघडेपर्यंत थांबावं लागतं.

ओरिएल्ला